बावीस सेकंदांची चाल

"मगदूमसर, माझा पाय आतापर्यंत किती जणांनी बघितला?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी नुकतंच वर्कशॉपचं शटर वर केलं होतं आणि फोन खांदा न् कानाच्या मध्ये धरून कुलपाची किल्ली खिशात टाकत होतो. पलीकडून ढवारे मॅडम बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे त्यांना कौतुक वाटतंय असंच मला वाटलं. आज हे सांगताना लाज वाटते, पण प्रश्न ऐकून मी खूश झालो होतो.

"एकेचाळीस हजार!" मी म्हणालो. "मॅडम, चार दिवसांत एकेचाळीस हजार! पार बेंगळुरू-दिल्लीहून फोन येतायत. कालपासून माझा फोन थांबलेला नाही."

"माझाही नाही," त्या म्हणाल्या.

त्या दोन शब्दांत मला पहिल्यांदा काहीतरी टोचलं.

मिरजेत माझं कृत्रिम हातपाय बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. तेव्हा त्याला अठरा वर्षं झाली होती. ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. सुकेशिनी ढवारे तीन वर्षांपासून माझ्याकडे येत होत्या. मूळच्या लातूरकडच्या. डिप्लोमाला असताना अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. पूर्वी पुण्यात पाय करून घ्यायच्या, पुढे जवळ पडतं म्हणून माझ्याकडे यायला लागल्या. वर्षातून दोनदा यायच्या, मोजकं बोलायच्या, काम झालं की बूट चढवून निघून जायच्या. पँटमधून पाय ओळखू येत नसे. चाल तर अशी, की मी स्वतः बनवला नसता तर मलाही कळलं नसतं. माझ्याकडच्या त्यांच्या फाइलवर एवढंच लिहिलेलं होतं: नोकरी – इंजिनिअर, फिल्डवर्क.

एक गोष्ट मात्र दर वेळी मला चक्रावून टाकायची. त्यांच्या कृत्रिम पावलाच्या मधोमध, तळव्याला आडवी घळ पडलेली असायची. माणूस चालला की टाच झिजते, चवडा झिजतो. मध्यभाग झिजतो असं मी कुणाचंच बघितलं नव्हतं.

"कशावर उभ्या राहता हो?" मी एकदा विचारलं होतं.

"जिन्यावर," त्या म्हणाल्या होत्या. मी पुढे विचारलं नाही.

सप्टेंबरात मी त्यांना नवा पाय करून दिला. तो बसवताना चाल तपासावी लागते. "मॅडम, चालतानाचा एक व्हिडिओ काढतो, मग सावकाश बघून कोन ठरवता येतो," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. कमरेखालचा, बावीस सेकंदांचा व्हिडिओ. कोन ठरला, पाय बसला, विषय संपला.

विषय मी पुन्हा काढला तो नोव्हेंबरात. एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला सुनावलं होतं, "मगदूम, काम तुमचं एक नंबर आहे, पण दिसत नाही कुणाला. त्या प्रोफेशनल साइटवर या. हल्ली सगळी ओळख तिथंच होते." मी खातं उघडलं. महिनाभर चारदोन जुने वर्गमित्र सोडले तर कुणी फिरकलं नाही. एके संध्याकाळी फोनमधले व्हिडिओ चाळताना ती बावीस सेकंदं समोर आली. किती सुंदर चाल! माझ्या हातची.

विचारावं का, असं मनात आलं होतं. नाही असं म्हणणार नाही. पण मीच मला उत्तर दिलं: चेहरा कुठं दिसतोय? नाव कुठं आहे? आणि वर लिहिलं, 'ही तरुणी माझ्याकडे आली तेव्हा हताश होती. जगण्याची उमेद हरवून बसली होती. आज तिचं एकेक पाऊल बघा.'

लोकांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी खाली कुणा इरफान शिकलगारची कॉमेंट आली: 'अहो, हे तर आमच्या ढवारे मॅडमचे बूट! सहा वर्षं शिडीवर ह्याच पावलांच्या मागनं चढतोय, मी ओळखणार नाही होय? मॅडम, कधी बोललाच नाहीत! कडक सॅल्यूट!' आणि त्यानं त्यांचं नाव असं जोडलं होतं, की त्यावर बोट ठेवलं की थेट त्यांचं खातं उघडावं. फोटो, कंपनी, हुद्दा, सगळं.

त्या कॉमेंटखाली मी काय लिहिलं? 'होय, त्याच! अभिमान वाटतो.'

"तुम्ही त्याला 'होय, त्याच' असं उत्तर दिलंत," ढवारे मॅडम फोनवर म्हणाल्या.

"मॅडम, त्यांनी ओळखलंच होतं म्हणून..."

"इरफानचा तो अंदाज होता. खात्री तुम्ही दिलीत. आणि सर, मी हताश होते हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्याकडे आले तेव्हा मला ह्या नोकरीत तीन वर्षं झाली होती."

'हताश' लिहिल्यानं माझं काम मोठं दिसत होतं, एवढंच खरं होतं.

"काल आमच्या साइट मॅनेजरनी, हुदलीकरसाहेबांनी, मला खाली बसवलं. वर चढायचं नाही म्हणाले."

"वर म्हणजे?"

"मी पवनचक्कीवर चढते, सर. देखभालीचं काम आहे माझं. पंचाहत्तर मीटर."

मी स्टुलावर बसलो. तळव्याची ती आडवी घळ डोळ्यांसमोर आली. जिना नव्हे, शिडी. लोखंडी दांड्यांची उभी शिडी. मी सपाट फरशीवर चालण्यासाठी बनवलेला पाय घेऊन ही बाई तीन वर्षं आभाळात चढत होती.

"शुक्रवारी पुण्याहून सेफ्टी अधिकारी येतायत. माझी परीक्षा घेणार आहेत. पायाचे कागद लागतील. कशाचा केला, किती वजन पेलतो, सगळं. आणि बनवणारा माणूस समोर लागेल. याल?"

"येतो. मॅडम, मी पोस्ट आत्ताच्या आत्ता काढतो."

"काढा. पण ती आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर परवाच येऊन बसलीय. तिथली तुम्हाला काढता यायची नाही."

मी पोस्ट काढली. बोट एकदाच टेकवावं लागलं.

शुक्रवारी पहाटे निघून कऱ्हाडमार्गे पाटण गाठलं आणि तिथून घाट चढून पठारावर गेलो. पवनचक्क्या मी हमरस्त्यावरून शेकडो वेळा बघितल्या होत्या. लांबून त्या खेळण्यासारख्या दिसतात. जवळ गेल्यावर गाडीच्या काचेत मावेनात. मी गाडीतून उतरून एकीच्या बुंध्याशी उभा राहिलो आणि मान मागे टाकली. पातं खाली येताना 'व्हुप्' असा आवाज व्हायचा, आणि पायाखालची जमीन श्वास घेतल्यासारखी वाटायची. ढग चालले होते की मनोरा कलत होता ते कळेना. मला घेरी आल्यासारखं झालं. मी तर जमिनीवर उभा होतो.

साइटचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर. आत हुदलीकरसाहेब, पुण्याचे सेफ्टी अधिकारी आणि ढवारे मॅडम. दाराशी एक उंच, दाढीवाला माणूस मान खाली घालून उभा होता. तोच इरफान शिकलगार, त्यांचा जोडीदार. वर नेहमी दोघांनी जायचं असतं. सहा वर्षं हे दोघं जात होते.

हुदलीकर पन्नाशीचे, सरळ माणूस. रागापेक्षा दुखावल्यासारखे दिसत होते. "मॅडम, मला तुम्ही अंधारात ठेवलंत. उद्या वर काही झालं असतं तर तुमच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

"साहेब, मी नोकरीला लागले त्याच दिवशी कंपनीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी पाय काढून तपासला, तीन वेळा शिडी चढायला लावली आणि मग फिट लिहून दिलं. तो कागद तुमच्याच कपाटात आहे. बंद पाकिटात."

"पण मला..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला चढू दिलं असतं?"

माणूस प्रामाणिक होता. "नसतं," ते म्हणाले.

सेफ्टी अधिकाऱ्यांनी माझे कागद चाळले. "हा पाय शिडी चढण्यासाठी बनवलाय का?"

खोटं बोलायचं तर एका शब्दाचं काम होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मला खूण केली नाही, डोळ्यांनी विनवलं नाही. नुसत्या वाट बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "चालण्यासाठी बनवलाय. एकशे पंचवीस किलोपर्यंत तपासलेला आहे, वजनाला कमी पडणार नाही. पण शिडीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर घोटा वेगळा बसवला असता."

"मग तुम्ही सही कशावर करणार?"

"ह्यांनी सांगितलं तेच लिहून घ्या," मॅडम मध्येच म्हणाल्या. "खरं आहे ते. आणि मगदूमसर, पाय आत्ताच इथं तपासा. साहेब, बाकीच्यांनी जरा बाहेर थांबायचं."

सगळे बाहेर गेले. मॅडमनी दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा सरकवला, खुर्चीवर बसून पाय काढला आणि माझ्या हातात दिला.

मी गुडघे टेकून बसलो. सगळे बोल्ट पाहिले, सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी, बोटांनी चाचपली. बूट काढला, तर तळव्याच्या मधोमध रबराची एक जाड पट्टी चिकटवलेली. कापही व्यवस्थित, कडा तासलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मी. नवा पाय मिळाला की पहिलं काम ते. तुमच्याकडे यायच्या आधी काढून टाकते, तुम्हाला आवडणार नाही म्हणून. त्यानं बुटात पाऊल हलत नाही, दांडा नेमका मधोमध बसतो."

"पण मॅडम, पाय दांड्यावर बसला हे तुम्हाला कळतं कसं? खाली तर बघता येत नाही."

"गुडघ्यात ठोका येतो," त्या म्हणाल्या. "पाय नीट टेकला की एक बारीक ठोका वर येतो. कडेवर टेकला तर त्याचा आवाज निराळा. ठोका आला की वजन टाकायचं. नाही आला तर नाही टाकायचं."

"आणि किती दांडे असतात?"

"दोनशे अडुसष्ट. प्रत्येक दांड्याला विचारायचं."

अठरा वर्षं मी पाय बनवत होतो. शेकडो माणसांना उभं केलं, असं चारचौघांत सांगत होतो. लाकूड, प्लॅस्टिक आणि कार्बनमधून माणसाला जमीन ऐकू येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी पाय परत दिला. त्यांनी तो चढवला, पट्टा ओढला आणि कडी काढली.

परीक्षा अशी होती: इरफाननं आणि सेफ्टी अधिकाऱ्यांनी आधी वर जायचं. मागून मॅडमनी चढायचं. वर इरफान बेशुद्ध पडलाय असं समजून त्याला दोरानं बाहेरून खाली सोडायचं. असला प्रसंग खरंच आला तर जोडीदार जोडीदाराला वाचवू शकतो की नाही, ते बघायचं होतं.

पवनचक्की थांबवली. पाती स्थिर झाल्यावर पठारावर एवढी शांतता पसरली, की वाळलेल्या गवतातला वारा ऐकू यायला लागला. मनोऱ्याच्या आत काळोखी विहीर उलटी टांगल्यासारखी पोकळी होती आणि भिंतीला लागून शिडी. आधीचे दोघं वर पोचल्यावर मॅडमनी कमरेचा हुक शिडीच्या मधल्या तारेत अडकवला, दोनदा ओढून बघितला आणि चढायला लागल्या.

मी खाली उभा राहून ऐकत होतो. उजव्या बुटाचा आवाज मऊ होता. डाव्याचा टणक. मऊ, टणक, मऊ, टणक. टणकानंतर क्षणभर थांबा, अगदी पापणी लवण्याएवढा. ठोका येत होता, वजन पडत होतं. त्यांची घाई नव्हती आणि त्या कुठं अडखळतही नव्हत्या. एखाद्या बाईनं रोजच्या सवयीनं दळण दळावं तशी एक लय त्या पोकळीतून वर वर जात राहिली, बारीक होत गेली, आणि मग नुसतं लोखंड गुणगुणतंय असं वाटायला लागलं. मी शिडीला हात लावला. ते पाऊल माझ्या तळहातात येत होतं.

"अकरा मिनिटं," हुदलीकर घड्याळ बघून हळूच म्हणाले. "तरुणपणी मला चौदा लागायची."

आम्ही धावत बाहेर आलो. मनोऱ्याच्या माथ्यावर, पात्यांच्या मागं यंत्राची पेटी असते, तिचं झाकण उघडलं होतं. तिथं एक नारिंगी ठिपका उभा राहिला, नखाएवढा. मग पेटीच्या कडेवरून इरफान बाहेर आला, दोराला लोंबकळत, हातपाय सैल सोडून. दोर खाली यायला लागला. सगळा वेळ एकाच वेगानं. कुठं हिसका नाही.

अर्ध्यावर वाऱ्याचा झोत आला. इरफान झुलला आणि मनोऱ्याच्या पत्र्याकडे भिरभिरत निघाला. माझ्या तोंडून 'अरे!' निघून गेलं. दोर जागच्या जागी थांबला. तो कसा आवरला मला माहीत नाही. वर तो ठिपका एक पाय पुढं, एक मागं रोवून थोडा मागे रेलला होता. मागचा पाय डावा होता. त्या क्षणी त्या माणसाचं सगळं वजन कुठं चाललंय हे त्या पठारावर फक्त मला कळत होतं. दोरातून मॅडमच्या हातात, हातातून कमरेत, आणि कमरेतून मी मिरजेच्या गल्लीत तासलेल्या त्या पायात. मला अभिमान वाटला असेल असं कुणाला वाटेल. नाही वाटला. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर आपण फार लहान असल्यासारखं वाटतं ना, तसं वाटलं. तो पाय माझा नव्हताच. मी फक्त वस्तू करून दिली होती, पाय त्यांनी केला होता.

बाजूच्या एका कामगारानं फोन वर धरला. हुदलीकरांनी मान न वळवता त्याचा हात खाली केला. "ठेव आत," ते म्हणाले.

वारा पडेपर्यंत दोर हलला नाही. मग पुन्हा त्याच वेगानं खाली आला. इरफानचे पाय गवतात टेकले आणि तो तिथंच बसला. चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याचा हुक सोडवायला वाकलो.

"बाहेर सोडायच्या आधी मॅडमनी माझा हुक तीनदा तपासला," तो मला म्हणाला. "मग म्हणल्या, 'इरफान, इथनं पुढं माझ्याबद्दल कुठं काही लिहायचं झालं तर आधी मला विचार.' मी म्हटलं, 'व्हय मॅडम.' मग सोडलं." त्यानं डोळे पुसले. "सर, मी चांगल्या मनानं लिहिलं होतं हो."

"मीसुद्धा," मी म्हणालो. मग त्याचा हुक सोडवला.

मॅडम शिडीनं उतरून आल्या, मागून सेफ्टी अधिकारी. सेफ्टी अधिकाऱ्यांनी तिथंच कागदावर सही केली. त्यांचाही चेहरा बदलला होता. "ढवारे मॅडम, कंपनीच्या पेजवर तुमचा एक छोटा व्हिडिओ टाकू या. लोकांना केवढी प्रेरणा मिळेल!"

"नको, साहेब," मॅडम हेल्मेट काढत म्हणाल्या. "मला इथं काम करायचंय. उद्यापासून माणसं मशीन सोडून माझा पाय बघत बसतील."

मला त्या गाडीपर्यंत सोडायला आल्या. तेव्हा कुठं मी म्हणालो, "मॅडम, माझं चुकलं."

"चुकलं," त्या म्हणाल्या. 'चालेल', 'होतं असं', असलं काही म्हणाल्या नाहीत. गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मगदूमसर, लग्नाला चार वर्षं झाली. मी सासूबाईंच्या समोरही पाय काढत नाही. तुमच्यासमोर काढते. का काढते, त्याचा विचार करा."

घाट उतरेपर्यंत मी तोच विचार करत होतो.

त्या पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. महिनाभरानं पुण्याच्या एका सेंटरहून त्यांची फाइल पाठवा म्हणून पत्र आलं. मी फाइल पाठवली. सोबत घोट्यात काय बदल करावा, रबराची पट्टी कुठं नि किती जाडीची बसवावी, ते आकृती काढून लिहिलं. फोनमधली बावीस सेकंदं त्याच दिवशी पुसून टाकली. उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती.

चार वर्षांनी एक बाई वर्कशॉपमध्ये आल्या. मालन जगदाळे, उंब्रजकडच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मधुमेहानं पाय काढावा लागला होता. कुबड्या भिंतीला टेकवून त्या खुर्चीवर बसल्या, पण पदर गुडघ्यावर घट्ट धरून. असं बरेच जण बसतात.

"माझ्याकडे कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"एक मॅडम आहेत, पवनचक्कीवर काम करतात. ओळखीच्या नव्हत्या हो. कुणाकडून तरी कळलं म्हणून कऱ्हाडच्या दवाखान्यात मला बघायला आल्या. मी नुसती रडत होते. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि माझा हात धरून त्यांच्या पायावर ठेवला. म्हणाल्या, 'हात लावून बघा.'"

जगदाळेबाईंनी गुडघ्यावरचा पदर नीट केला.

"कुणाकडे करू, असं विचारलं तर तुमचं नाव सांगितलं. म्हणाल्या, मिरजेत मगदूम आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे. फक्त पहिल्याच दिवशी त्यांना सांगा, फोटो काढायचा नाही." त्या जरा संकोचल्या. "तर, सांगून ठेवते."

"बरं," मी म्हणालो. पडदा ओढून घेतला आणि माप घ्यायला खाली बसलो.